प्लेस्टेशन, हार्ड डिस्क आणि माझी एक चूक

मंडळी, थिबा राजापासून कोकण रेल्वेपर्यंत बऱ्याच विषयांवर मी इथे लिहिलं आहे. व्हिडिओ गेमवर लिहायची वेळ येईल असं मात्र स्वप्नातही वाटलं नव्हतं. आयुष्यभर इतिहास शिकवला. 'खेळ' म्हटलं की डोळ्यापुढे शाळेचं मैदान आणि लंगडीचा सामना येतो. पण गेल्या मे महिन्यात आमच्या घरात एक प्रकार घडला आणि त्यामुळे वीस वर्षांपूर्वीची माझी एक चूक मला उलगडली. चूक लहानच आहे. कोणाचं घर बुडालं नाही. तरी ती लिहून ठेवावीशी वाटते, कारण त्यात इतिहासाचा एक धडा आहे आणि तो मी स्वतः चुकीचा शिकवत आलो होतो.

तर झालं असं. २००४ साली आमचे चिरंजीव मुंबईला इंजिनिअरिंगला होते आणि गिरगावात मामाकडे राहत होते. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून त्यांनी एक सेकंडहँड 'प्लेस्टेशन २' घेतलं. दिवाळीच्या सुट्टीत ते धूड पाठीवरच्या सॅकमधून रत्नागिरीला आलं. काळा, उभट, रेडिओएवढा डबा. टीव्हीला जोडायचा आणि खेळायचं. घरच्या बायकांनी त्याचं नाव 'ते डबडं' असं ठेवलं, आणि तेच रूढ झालं.

डबड्याच्या मागच्या बाजूला एक चौकोनी खाच होती, वर प्लॅस्टिकचं झाकण. "बाबा, यात हार्ड डिस्क बसते," चिरंजीव म्हणाले. आमच्या शेजारचे एक काका तेव्हा दुबईला नोकरीला होते. त्यांच्याकडून त्याने 'नेटवर्क अ‍ॅडाप्टर' नावाचा एक भाग मागवला. हार्ड डिस्क घेतली लॅमिंग्टन रोडवरून. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, ग्रँट रोड स्टेशनजवळच्या या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते विचारलंत तर टॅक्सीवालाही गोंधळेल. कॉम्प्युटरचे सुटे भाग म्हणजे लॅमिंग्टन रोड, हे मुंबईत तेव्हा समीकरणच होतं. गिरगावातून पायी जाण्याच्या अंतरावर.

आता ही हार्ड डिस्क कशाला, असं पुण्याच्या मावशी विचारतीलच. मीही विचारलं होतं. खेळ असतो डीव्हीडीच्या तबकडीवर. डबड्यातलं एक भिंग त्या तबकडीवर प्रकाश टाकून ती वाचतं. हे भिंग आणि त्याला हलवणारी यंत्रणा कालांतराने थकते. मग तबकडी घातली की डबडं घरघरतं आणि 'वाचता येत नाही' असा निरोप देतं. जुन्या प्लेस्टेशनचं हे नेहमीचं दुखणं. हार्ड डिस्क बसवली की तबकडीवरचा खेळ एकदाच त्यात उतरवून घ्यायचा. पुढे भिंगाला विश्रांती, तबकडीला ओरखडे नाहीत आणि खेळ सुरूही लवकर होतो. म्हातारपणी डोळे दुखू नयेत म्हणून पोथी पाठ करून ठेवावी, तसलाच हा प्रकार.

----

आता थोडा इतिहास. सवय सुटत नाही :-)

प्लेस्टेशन २ जपानमध्ये ४ मार्च २००० रोजी विक्रीला आलं. पहिल्या जपानी डबड्यांना मागे खाच नव्हती, लॅपटॉपला असते तशी कार्डाची फट होती. २००१ साली सोनीने तिथे ४० जीबीची एक बाहेरची हार्ड डिस्क काढली. ती त्या फटीतून जोडायची. नंतरच्या डबड्यांत फट गेली आणि मोठी खाच आली, साडेतीन इंची डिस्क पोटात मावेल एवढी. म्हणजे पहिल्या गिऱ्हाइकांची डिस्क वेगळी, नंतरच्यांची वेगळी. एकाची दुसऱ्याला लागत नाही. सुरुवातच अशी.

मे २००२ मध्ये जपानात 'फायनल फँटसी ११' हा खेळ आला. हजारो लोक इंटरनेटवरून एकाच वेळी खेळत. प्लेस्टेशनवर तो खेळायचा तर हार्ड डिस्क सक्तीची. त्याच वर्षी सोनीने युरोप-अमेरिकेत 'लिनक्स किट' काढलं. त्यात ४० जीबीची डिस्क, कीबोर्ड आणि माऊस मिळे आणि डबड्याचा चक्क कॉम्प्युटर होई. अमेरिकेत खेळासाठीची हार्ड डिस्क म्हणून ती आली मार्च २००४ मध्ये, फायनल फँटसीसोबत, ९९ डॉलरना. युरोपात ती खेळासाठी अशी वेगळी विकायला आलीच नाही. आपल्याकडे युरोपसारखेच पाल पद्धतीचे खेळ यायचे. त्यामुळे आपल्या डबड्याला खाच होती, पण त्या खाचेत घालायला कंपनीची डिस्क दुकानात नव्हती. देव्हारा आहे, मूर्ती नाही!

मग आपल्या पोरांनी काय केलं? साधी कॉम्प्युटरची डिस्क आणून बसवली. कंपनीच्या डिस्कवर सोनीची अशी एक ओळखीची खूण असे, आणि कंपनीचे खेळ ती खूण तपासत. साध्या डिस्कवर फायनल फँटसी चालायचा नाही. पण २००४ मध्ये 'एचडी लोडर' नावाचा एक प्रोग्रॅम आला. तो साध्या डिस्कवरही खेळ उतरवून घ्यायचा आणि तिथूनच चालवायचा.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहितो, कारण नातवंडंही हा ब्लॉग वाचतात. स्वतःच्या विकतच्या तबकडीची सोय म्हणून हे करणं वेगळं, आणि मित्राची तबकडी एका रात्रीपुरती आणून उतरवून घेणं वेगळं. आमच्या चिरंजीवांनी दोन्ही केलं. त्यांनी घेतलेल्या डबड्यात आधीच्या मालकाने चिपही बसवलेली होती, म्हणजे नकली तबकड्या चालाव्यात. मी तेव्हा 'हे चोरीचं आहे' म्हणून एक भाषण दिलं होतं. ते चुकीचं नव्हतं. पण भाषण देण्याच्या नादात तो मुलगा बाकी काय शिकतोय हे पाहायचं राहून गेलं.

तो काय शिकत होता ते त्याच्या वहीत होतं. दोनशे पानी वही. शेवटच्या पानांवर त्याने तक्ता आखला होता. डिस्क कोणत्या कंपनीची, किती जीबीची, 'जंपर' कुठे, आणि शेवटचा रकाना 'चालते / नाही'. जंपर म्हणजे डिस्कच्या मागच्या पिनांवर घालायची नखाएवढी टोपी. ती डिस्क मुख्य की दुय्यम, हे त्या टोपीवरून ठरतं. प्लेस्टेशनला ती मुख्य लागते. काही कंपन्यांच्या डिस्क एकट्या असल्या की टोपी काढूनच टाकावी लागे. काही डिस्क अ‍ॅडाप्टरच्या पिनांत नीट शिरत, काही आडव्या येत. १३७ जीबीच्या पुढची डिस्क असेल तर त्या वेळचा प्रोग्रॅम पुढचा भाग ओळखतच नसे, कारण पत्ता लिहायला त्याच्याकडे तेवढेच आकडे होते. पोस्टकार्डावर पत्त्याला तीनच ओळी असल्या तर चौथ्या ओळीतल्या गावाला पत्र कसं जाणार?

खेळांचंही तसंच. एकच डिस्क, एकच डबडं, तरी एक खेळ बिनबोभाट चाले आणि दुसरा काळा पडदा दाखवून बसे. मग 'मोड' बदलून पाहायचा. एक, दोन, तीन. जो चालला तो वहीत लिहायचा. वर्गात मुलं नवसाने करत नाहीत असा गृहपाठ हा मुलगा आपण होऊन करत होता.

याला इंग्रजीत कंपॅटिबिलिटी म्हणतात. मराठीत 'सुसंगतता' हा शब्द आहे, पण तो सरकारी परिपत्रकातला वाटतो. मला आमच्या लहानपणीची आगबोट आठवते. मुंबईहून येणारी बोट रत्नागिरीला धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राहायची. तिथून माणसं, ट्रंका, तांदळाच्या गोणी पडावात उतरायच्या आणि पडाव किनाऱ्याला यायचा. बोट चांगली होती, बंदरही चांगलं होतं, पण दोघांचं एकमेकांशी जमत नव्हतं. जमवून द्यायचा तो पडाव. ते नेटवर्क अ‍ॅडाप्टर म्हणजे पडाव, आणि मुलाची वही म्हणजे पडाववाल्याला ठाऊक असलेले खडक.

----

आता माझी चूक.

जून २००५ मध्ये चिरंजीव शेवटच्या वर्षाला गेले. अभ्यासात व्यत्यय नको म्हणून डबडं घरीच ठेवून गेले. जाताना मला म्हणाले, "बाबा, गणपतीला आलो की तुम्हाला एक गंमत दाखवतो." दुसरी सूचना लोडशेडिंगची होती. त्या वर्षांत वीज दिवसातून कित्येक तास जायची. डिस्क चालू असताना वीज गेली तर तिला इजा होते, म्हणून वेळेआधी बंद करा, असं बजावून गेला. मी काही ते चालू करणार नव्हतो, पण ऐकून घेतलं.

ऑगस्टच्या शेवटी बोर्डाच्या एका कामासाठी कोल्हापूरला गेलो. आपला जिल्हा तेव्हा कोल्हापूर विभागीय मंडळाखाली होता. काम संपल्यावर एका दुकानाच्या काचेत नवं प्लेस्टेशन २ दिसलं. अगदी पातळ! एखादं पुस्तक ठेवावं तसं. जुन्याची जाडी ७.८ सेंटिमीटर, याची २.८. दुकानदार म्हणाला, जुनं आणून द्या, वर थोडे पैसे घाला, हे घेऊन जा. माझ्या मनात आलं, पोरगा शेवटच्या वर्षाला आहे, शिकवण्या घेऊन त्याने जुनं डबडं घेतलं, आपण त्याला कधी असं काही दिलं नाही. गणपतीत हातात नवं ठेवू. आठवड्याने एस.टी.ने आंबा घाट चढून पुन्हा कोल्हापूरला गेलो, मांडीवर डबडं घेऊन.

दुकानदाराने मागचे दोन स्क्रू काढले आणि अ‍ॅडाप्टर डिस्कसकट बाहेर ओढला. "हे आम्हाला नको, तुमचं तुम्ही ठेवा."

"नव्यात हे बसेल ना?" मी विचारलं.

"नव्यात हे सगळं आतच येतं, सर."

मंडळी, हे वाक्य मी वीस वर्षं खरं मानलं. ते निम्मं खरं होतं. अ‍ॅडाप्टरची दोन कामं होती. इंटरनेटची तार जोडणं आणि हार्ड डिस्क जोडणं. नव्या पातळ डबड्यात इंटरनेटच्या तारेची सोय आतच होती. हार्ड डिस्कची खाच मात्र नव्हती. काढून टाकली होती. सोनीने अमेरिकेत डिस्क विकायला आणली मार्च २००४ मध्ये, आणि खाच नसलेलं पातळ डबडं जाहीर केलं सप्टेंबर २००४ मध्ये. सहा महिने! ज्यांनी मार्चमध्ये ९९ डॉलर मोजले, त्यांचं डबडं पुढे बिघडलं तर नवं घेऊन उपयोग नव्हता. त्यांना जुनंच शोधावं लागणार.

कंपनीच्या बाजूनेही पाहायला हवं. डिस्क वापरणारे खेळ मोजके होते, घेणारे थोडे होते. खाच काढली की डबडं लहान, हलकं आणि स्वस्त होतं. बाकी सगळं तिने जपलं. जुन्या तबकड्या चालत, जुनी मेमरी कार्डं चालत, हातातले कंट्रोलर चालत, पहिल्या प्लेस्टेशनचे खेळसुद्धा चालत. म्हणूनच ते यंत्र इतकं खपलं. २०१२ पर्यंत साडेपंधरा कोटींच्या वर. थोड्यांचं गेलं, पण पुष्कळांचं राहिलं. इतिहासात असे सौदे नेहमीच होतात. गंमत एवढीच, की त्या थोड्यांत आमचा मुलगा होता.

गणपतीला तो आला. मी रंगीत कागदात बांधलेलं खोकं पुढे केलं. त्याने कागद सोडला, खोकं पाहिलं, उलटून मागची बाजू पाहिली. मग माझ्याकडे बघून हसला आणि वाकून नमस्कार केला. "छान आहे, बाबा." पाच दिवसांत त्याने ते दोनदा लावलं. चिप नव्हती, त्यामुळे बाकीच्या तबकड्या चालल्याच नाहीत. गंमत दाखवायचं राहिलं. मीही विचारलं नाही, गौरी-गणपतीच्या गडबडीत विसरलो. डिस्क आणि अ‍ॅडाप्टर आमच्या हिने एका पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवले. झाकणाला सुतळी. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत लोखंडाची काय गत होते ते इथल्या कोणालाही विचारा. तो डबा नसता तर पुढचं काही लिहायला राहिलं नसतं.

----

मधल्या काळात जगाने काय केलं तेही थोडक्यात सांगतो.

मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये २००१ पासूनच हार्ड डिस्क आत बसवलेली होती, पण ती किल्लीने त्या एकाच डबड्याला जखडलेली. दुसरी आणून सहज बसवता यायची नाही. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० ला डिस्क काढता-घालता येई, पण ती कंपनीच्याच खास आवरणात. सोनीने २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ काढलं आणि तिथे मात्र शहाणपण केलं. लॅपटॉपची कुठलीही साधी अडीच इंची डिस्क त्यात चालायची. लॅमिंग्टन रोडची पोरं २००४ मध्ये जे चोरून करत होती, ते कंपनीने दोन वर्षांनी राजमान्य केलं!

प्लेस्टेशन २ आपल्याकडे त्यानंतरही बरंच टिकलं. खास भारतासाठी म्हणून त्यावर खेळ आले, 'हनुमान: बॉय वॉरिअर' २००९ साली, त्याच वर्षी कबड्डी आणि विटीदांडू असलेला 'देसी अड्डा', आणि २०१० मध्ये मुंबईच्या ट्राइन कंपनीचा 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स'. तोवर दुकानात नवं मिळायचं ते पातळ डबडंच. ज्यांना पातळ डबड्यावर डिस्कची सोय हवी होती, ते पुढच्या यूएसबीच्या भोकातून जोडून बघत. पण ते भोक जुन्या पद्धतीचं, मंदगती. खेळातली चित्रफीत अडखळायची. एस.टी. थांबत थांबत जाते तशी.

डबड्याचं उत्पादन २०१२-१३ मध्ये थांबलं. फायनल फँटसीची प्लेस्टेशन २ वरची सेवा ३१ मार्च २०१६ ला बंद झाली. २०१८ मध्ये सोनीने जपानात दुरुस्तीही थांबवली. कंपनीच्या लेखी विषय संपला.

पण जगभरच्या हौशी लोकांच्या लेखी तो संपला नव्हता. २००८ मध्ये मेमरी कार्डावरूनच बाहेरचे प्रोग्रॅम चालू करायची युक्ती निघाली. आता चिप लागेना. २००९ मध्ये 'ओपन पीएस२ लोडर' आला, फुकट आणि सर्वांना खुला. तो १३७ जीबीच्या पुढच्या डिस्कही ओळखू लागला. जुन्या रुंद पट्टीच्या, म्हणजे आयडीई डिस्क बनायच्या बंद झाल्या, तेव्हा अ‍ॅडाप्टरच्या आतली पट्टी बदलून नव्या साटा डिस्क जोडायची सोय कोणीतरी केली. आणि लोकांनी याद्या केल्या. कोणता खेळ, कोणत्या मोडमध्ये, चालतो की नाही. हजारो खेळांच्या. आमच्या मुलाच्या वहीतला तक्ता, पण सगळ्या जगाने मिळून भरलेला.

----

आता गेला मे महिना. चिरंजीव, सूनबाई आणि नातू पुण्याहून आंब्याला आले. नातू चौदा वर्षांचा. त्याला जुन्या यंत्रांचं वेड. त्याने कुठूनतरी सेकंडहँड जाडं डबडं मिळवलं होतं, खाचवालं. आजीने बिस्किटाचा डबा काढून दिला तेव्हा त्याचे डोळे असे चमकले, की हापूसची पेटीही फिकी पडावी. वडील त्या वेळी मांडवीला फिरायला गेले होते.

डिस्कच्या पिनांवर हिरवट थर होता. त्याने तो जपून साफ केला. डिस्क शाबूत आहे का हे आधी लॅपटॉपवर पाहू म्हणाला. जोडायची तार त्याने आणलेलीच होती. डिस्क फिरायला लागली. आवाज आला! पण पडद्यावर काहीच दिसेना. त्याने कुठलीशी खिडकी उघडली आणि पाणी प्यायला आत गेला. तेवढ्यात पडद्यावर प्रश्न आला. अर्थ असा, की ही डिस्क वापरायची तर आधी तयार करावी लागेल. खाली बटण, ओके.

मी खुर्चीवर होतो. माऊस माझ्या हाताशी. यंत्र मदत करायला तयार आहे, आपण होकार द्यायचा, एवढंच मला कळलं. बोट टेकवणार, तोच मागून ओरडा, "आजोबा, थांबा!"

त्याने समजावलं. प्लेस्टेशन डिस्कवर आपल्या पद्धतीने खुणा करतं. विंडोजला त्या पद्धतीची ओळखच नाही. तिला ती डिस्क कोरी वाटते. ओके म्हटलं की विंडोज अगदी सुरुवातीलाच आपली पाटी लावते, आणि खालचं सगळं असूनही सापडेनासं होतं. माझ्या पाठीतून घाम गेला. त्या डिस्कवर काय आहे हे मला ठाऊक नव्हतं. तरी दुसऱ्यांदा माझ्याच हातून ते गेलं असतं, तेही मदत करण्याच्या भावनेने.

त्याने दुसरा एक प्रोग्रॅम लावला, प्लेस्टेशनच्या खुणा वाचणारा. पडद्यावर यादी आली. एचडी लोडरमध्ये खेळ उतरवताना त्याला आपण हवं ते नाव देता येतं. मोटारींचा एक होता, फुटबॉलचा एक, मारामारीचे दोन. आणि शेवटी, रोमन अक्षरांत, 'बाबा क्रिकेट'.

नातू म्हणाला, "हा कुठला गेम?" मला उत्तर देता आलं नाही.

चिरंजीव मांडवीहून परत आले. यादी पाहिली आणि दारातच उभे राहिले. मग हसत म्हणाले, "अरे, हे अजून आहे होय!" तो २००४ सालचा ईए कंपनीचा क्रिकेटचा खेळ. मित्राची तबकडी एका रात्रीपुरती आणून उतरवला होता. मी शाळेच्या संघाला शिकवायचो, म्हणून माझ्यासाठी. गणपतीत दाखवायची गंमत हीच.

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तुम्ही मांडीवर डबडं घेऊन दोनदा कोल्हापूरला गेला होतात, बाबा. काय बोलणार?"

संध्याकाळी डिस्क नातवाच्या डबड्यात बसवली. अ‍ॅडाप्टरचे दोन स्क्रू आमच्या हिच्या शिवणाच्या डब्यात निघाले. २००४ मध्ये एका प्रोग्रॅमने लिहिलेलं, वीस वर्षांनंतरच्या दुसऱ्याच प्रोग्रॅमने जसंच्या तसं वाचलं, कारण तो लिहिणाऱ्यांनी जुनी पद्धत मोडायची नाही असं ठरवलं होतं. खेळ पहिल्यांदा काळ्या पडद्यावर अडला. नातवाने मोबाईलवर यादी पाहून मोड बदलला. मग चालला. मी सात धावा काढल्या आणि त्रिफळाचीत झालो. चिरंजीव म्हणाले, "पाय हलवा, बाबा." हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांना म्हणत आलो आहे.

डिस्क आता अधूनमधून टकटक आवाज करते. नातवाने ती जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतली आहे. मूळची पुन्हा बिस्किटाच्या डब्यात.

----

मी वर्गात इतिहास शिकवायचो तो पायऱ्यांसारखा. आधी हे, मग त्याहून चांगलं ते. बैलगाडी, रेल्वे, विमान. प्रत्येक नव्यात जुनं सगळं असतं आणि वर काहीतरी जास्त, असं मुलांच्या मनावर ठसवलं. म्हणूनच दुकानदाराचं 'सगळं आतच येतं' मला चटकन पटलं. पण नवं करताना काहीतरी गुपचूप वगळलेलं असतं. ते जाहिरातीत लिहीत नाहीत. ज्याला ते लागतं, त्यालाच कळतं. नव्या वस्तूत काय आलं हे कोणीही सांगेल. काय गेलं, हे वापरणाऱ्याला विचारावं लागतं. मी मुलाला एक फोन केला असता तरी पुरलं असतं.

असो. उपदेश पुरे. एक व्यवहारी सूचना मात्र करतो. तुमच्या घरी माळ्यावर अशी जुनी डिस्क असेल, तर ती कोरड्या डब्यात ठेवा, जिची आहे त्या व्यक्तीला फोन करा, आणि कॉम्प्युटरने काहीही विचारलं तरी ओके म्हणू नका.

नातू दिवाळीत पुन्हा येणार आहे. माझा सराव चालू आहे. काल अठरा झाल्या.